मस्कतहून परतताय, सरकारी नोकरी हवी आहे: सवलत नाही, पण कागद सांभाळा

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. माहेर ठाण्याचं, मुंबई विद्यापीठाची सिव्हिलची पदवी, जात इतर मागासवर्गात. लग्नानंतर नवऱ्याबरोबर मस्कतला गेल्या आणि तिथल्या बांधकाम कंपनीत बिलिंग इंजिनिअर म्हणून काम केलं. आता मुलांच्या शाळेसाठी त्या मुलांना घेऊन परत येताहेत, नवरा अजून काही काळ तिकडेच राहणार. वय 37. त्यांच्या अमेरिकेतल्या जावेला 'परदेशातून परतलेल्या कुटुंबीयांच्या नियमा'खाली स्पर्धा परीक्षेविना तिथल्या सरकारी खात्यात नोकरी मिळाली. असा नियम आपल्याकडे आहे का, तिकडचा अनुभव महापालिका आणि सिडकोच्या भरतीत धरतात का, आणि इतकी वर्षं बाहेर राहिल्याने डोमिसाइल जातं का, असं त्यांनी विचारलंय.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालो. भरती निघाली की कागदपत्र पडताळणीचं टेबल बहुधा माझ्याकडे यायचं. आखातातून आलेल्यांच्या फायली त्या टेबलावर बऱ्याच पाहिल्या आहेत, तेव्हा उत्तर टेबलाच्या त्या बाजूने देतो.

ताई, आपल्याकडे अशी सवलत नाही. केंद्रात नाही आणि महाराष्ट्रातही नाही. पण तुमचा खरा प्रश्न सवलतीचा नाहीच, असं मला वाटतं. बाहेर काढलेल्या वर्षांमुळे हातात असलेला हक्क कागदाअभावी निसटू नये, हा तुमचा प्रश्न आहे. तुमच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरं आहे. का, ते पुढे सांगतो.

आधी जावेचं प्रकरण. तो नियम खरा आहे, पण ऐकीव गोष्टीत त्याचा अर्धाच भाग पोचतो. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी 30 जुलै 1990 रोजी काढलेला 12721 क्रमांकाचा कार्यकारी आदेश, असं त्याचं मूळ. अमेरिकी सरकारने किंवा सैन्याने ज्याला अधिकृतपणे परदेशी पाठवलं, त्याच्या सोबत गेलेल्या जोडीदारासाठी किंवा 23 वर्षांखालच्या अविवाहित मुलासाठी तो आहे. त्या कुटुंबीयाने तिथे अमेरिकी सरकारच्याच कार्यालयात, सरकारी अर्थसंकल्पातून पगार होणाऱ्या जागेवर किमान 52 आठवडे काम केलेलं असावं लागतं. कामाचा शेरा समाधानकारक हवा, आणि नेमणुकीच्या वेळी अमेरिकेचं नागरिकत्व हवं. हे सगळं जमलं तर मायदेशी परतल्यापासून 3 वर्षांपर्यंत त्या व्यक्तीला स्पर्धेविना नेमता येतं. 'नेमता येतं' एवढंच; नेमलंच पाहिजे असं बंधन खात्यावर नाही. खासगी कंपनीतली नोकरी त्यात धरत नाहीत. म्हणजे तुमच्या जाऊबाई मस्कतमधल्या खासगी बांधकाम कंपनीत असत्या तर त्यांनाही हा नियम लागला नसता.

आपल्याकडे सरकारी नोकरीचा पाया म्हणजे राज्यघटनेचा अनुच्छेद 16, समान संधीचा. त्यातून सूट द्यायची तर ती आरक्षण किंवा वयाच्या सवलतीच्या रूपात नियमात लिहिलेली असावी लागते. माजी सैनिक, दिव्यांग, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अनाथ असे वर्ग लिहिलेले आहेत. 'परदेशातून परतलेले' हा वर्ग कुठेच नाही. 'पती-पत्नी एकत्रीकरण' तुम्ही ऐकलं असेल, शिक्षकांच्या बदल्यांत त्यावरून दरवर्षी धावपळ चालते; पण ते आधीपासून सेवेत असलेल्यांच्या बदलीसाठी आहे, भरतीसाठी नाही. अनुकंपा नियुक्तीसुद्धा मुख्यतः सरकारी कर्मचारी सेवेत असताना वारला तर.

'नोकरीत एनआरआय कोटा असतो' हे नवी मुंबईत मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की त्याचं मूळ शोधावंसं वाटतं. एक म्हणजे खासगी इंजिनिअरिंग-मेडिकल कॉलेजांच्या प्रवेशात असा कोटा असतो, आणि दुसरं, सीवूड्सला सिडकोने अनिवासी भारतीयांसाठी वसाहत बांधली, तिला आजही सगळे एनआरआय कॉम्प्लेक्सच म्हणतात. प्रवेशात आहे, घरांत होता, मग नोकरीतही असेल अशी समजूत होते. नोकरीत नाही. त्या नावाने कुणी पैसे मागितले तर चहासुद्धा पाजू नका.

आता तुमच्या फाइलकडे येतो.

महाराष्ट्रात सरळसेवेची (म्हणजे बढतीने नव्हे, थेट भरतीची) कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. एप्रिल 2016 च्या शासन निर्णयाने ती 33 वरून 38 झाली. तुम्ही 37 च्या. ओबीसी म्हणून अर्ज टिकला तर हातात सहा वर्षं, नाही टिकला तर जेमतेम एक. आणि ओबीसी म्हणून टिकायचं की नाही, हे नॉन-क्रीमी लेअरच्या, म्हणजे घर ओबीसीतल्या पुढारलेल्या स्तरात मोडत नाही याच्या, एका दाखल्यावर ठरतं. तो दाखला नसेल किंवा जाहिरातीत दिलेल्या तारखेला त्याची मुदत संपलेली असेल, तर उमेदवार खुल्यात धरला जातो आणि 38 ओलांडलेलं असेल तर वयाच्या कारणावरून थेट बाद होतो. परीक्षेत उत्तम गुण मिळवलेली मुलं या एका तारखेवर बाहेर जाताना मी पाहिली आहेत. टेबलावर बसणाऱ्याच्या हातात तेव्हा काही नसतं.

तुम्हाला भीती वाटतेय की नवऱ्याचा ओमानचा पगार धरला तर या दाखल्याची वार्षिक उत्पन्नाची 8 लाखांची मर्यादा सहज ओलांडली जाईल. ही भीती काढून टाका. क्रीमी लेअर ठरवताना आई-वडिलांचा दर्जा पाहतात, नवऱ्याचा नाही आणि तुमचा स्वतःचा पगारही नाही. केंद्राच्या 8 सप्टेंबर 1993 च्या ज्ञापनाच्या अनुसूचीत तर वर्ग 1 अधिकाऱ्याशी लग्न झालेली ओबीसी स्त्री स्वतःसाठी नोकरीचा अर्ज करत असेल तर केवळ त्या लग्नामुळे तिला वगळायचं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी सेतू केंद्रात बसलेला मुलगा कधीकधी 'मॅडम, मिस्टरांची सॅलरी स्लिप आणा' म्हणतो. भांडू नका. वडिलांच्या उत्पन्नाचे कागद पुढे ठेवा आणि अर्ज त्यांच्याच उत्पन्नावर भरायला सांगा. अडवलंच तर नायब तहसीलदारांना भेटा. वडिलांचा हुद्दा तुम्ही लिहिलेला नाही, आणि तो महत्त्वाचा आहे. आई किंवा वडील थेट वर्ग 1 अधिकारी म्हणून लागलेले असतील, किंवा दोघेही थेट वर्ग 2 मध्ये लागलेले असतील, तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी हा दाखला मिळत नाही. त्याखालचा हुद्दा असेल तर बहुतेक काळजी नाही.

हे वाचणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या बहिणींसाठी एक इशारा, कारण तिथे हिशोब नेमका उलटा आहे. ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकाच्या) दाखल्यासाठी केंद्राच्या नियमात कुटुंब म्हणजे अर्जदार, तिचे आई-वडील, 18 वर्षांखालची भावंडं, नवरा आणि 18 वर्षांखालची मुलं. या सगळ्यांचं आदल्या आर्थिक वर्षातलं सर्व स्रोतांचं उत्पन्न एकत्र धरून ते 8 लाखांच्या आत असावं लागतं. 'आखातात पगारावर कर नाही, रिटर्न भरत नाही, म्हणजे उत्पन्न शून्य' असा हिशोब लोक मांडतात. कर नसला तरी उत्पन्न असतंच. खोट्या माहितीवर काढलेला दाखला नोकरी लागल्यावर बाहेर आला तर नोकरी जाते आणि वर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

डोमिसाइलचं सांगतो. अधिवासाच्या दाखल्याला महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. तुमचा जन्म, शाळा, कॉलेज सगळं ठाण्यात, त्यामुळे लग्नाआधीची वर्षंच पुरून उरतील. नोकरीसाठी परदेशी गेल्याने माणूस अधिवास सोडत नाही, कायमचा तिकडे स्थायिक झाला तर गोष्ट वेगळी. शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेजची कागदपत्रं, वडिलांच्या नावाचं जुनं रेशनकार्ड किंवा घरपट्टीची पावती एकत्र करा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशावेळी हा दाखला काढला असण्याची शक्यता दाट आहे. आईच्या कपाटातली जुनी फाइल आधी बघा, सापडला तर तोच लावा. महिलांच्या 30 टक्के समांतर आरक्षणासाठीही (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत राखलेल्या जागांसाठी) महाराष्ट्राचा अधिवास लागतो, म्हणून याच्याकडे दुर्लक्ष नको.

नवा काढायचा झाला तर कुठे जायचं, यावर नवी मुंबईकरांची हमखास गल्लत होते. खारघर नवी मुंबईत असलं तरी ते रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, आणि 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर हे ठाणे तालुक्यात आणि नवी मुंबई महापालिकेत. म्हणजे तुमचं तहसील पनवेल. खारघरचं वीजबिल जोडून ठाणे तहसीलला अर्ज टाकला की तो फिरत बसतो. 'आपले सरकार'वर अर्ज करतानाही तालुका नीट निवडा.

आता सगळ्यात चिवट प्रकरण: नाव. पदवी माहेरच्या नावाने, जातीचा दाखला आणि जात पडताळणी वडिलांच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि ओमानची सगळी कागदपत्रं पासपोर्टवरच्या नावाने. पडताळणीच्या टेबलावर या दोन बायका असतात, एक नाही. त्या एकच आहेत हे सिद्ध करायचं काम तुमचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा त्यातला मुख्य दुवा, आणि शासन राजपत्रात नाव बदलाची जाहिरात दिलेली असेल तर आणखी चांगलं. लग्न नोंदवलेलं नसेल तर परत आल्यावर पहिलं काम ते. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरा आणि बदललेलं नाव त्याच्या रकान्यात लिहा. जात पडताळणी प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं असलं तरी चालतं. जात लग्नाने बदलत नाही, ती सहसा वडिलांकडून येते. ते प्रमाणपत्र हरवलं असेल तर मात्र आत्तापासून समितीकडे दुसऱ्या प्रतीच्या मागे लागा.

अनुभवाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कनिष्ठ अभियंत्याच्या सरळसेवा भरतीत अनुभवाला सहसा गुण नाहीत. परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएस घेते, ती संगणकावर होते, आणि गुणवत्ता यादी त्या गुणांवरच लागते. मुलाखतच नाही, त्यामुळे मस्कतमध्ये किती कोटींची बिलं तपासली हे सांगायला समोर माणूसच नसतो. अनुभव उपयोगी पडतो तो तीन ठिकाणी: लोकसेवा आयोगाच्या ज्या पदांना पात्रतेतच अनुभव मागितलेला असतो तिथे, प्राधिकरणांच्या कंत्राटी किंवा मुदतीच्या जागांवर, आणि मेट्रो-पुलांच्या कामांवर असलेल्या सल्लागार कंपन्यांत. शेवटच्या दोन जागा म्हणजे कायम सरकारी नोकरी नव्हे. नवी मुंबई विमानतळाबद्दलही तुम्ही विचारलंय. तिथे सिडकोचा हिस्सा 26 टक्के आहे, चालवणारी कंपनी खासगी आहे, आणि तिथली नोकरी सरकारी भरतीत मोडत नाही.

तरीही अनुभवाचे कागद मस्कत सोडण्याआधीच घ्या. इथे येऊन मागवायला गेलात तर कंपनीतला ओळखीचा माणूस तोवर निघून गेलेला असतो. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, पूर्णवेळ काम, कामाचं स्वरूप आणि पगार ओळीने लिहिलेलं असावं. कुणाच्या सहीने दिलंय त्याचं नाव, पद आणि शिक्का असावा. 'शी वॉज अ हार्डवर्किंग मेंबर ऑफ अवर टीम' हे प्रेमपत्र टेबलावर चालत नाही. ओमान अपोस्टिल करारात आहे (अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा शिक्का), म्हणून त्या पत्रावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल करून आणा. खासगी कंपनीचं पत्र असल्याने आधी तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सचं साक्षांकन लागू शकतं. दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल भारतात निघालेल्या कागदांसाठी असतं, ओमानच्या कागदाला त्याचा उपयोग नाही. दुबईहून येणाऱ्यांचा रस्ता वेगळा, कारण अमिराती त्या करारात नाहीत: तिथल्या मंत्रालयाचं साक्षांकन आणि मग भारतीय वकिलातीचं.

इथे एक नाजूक गोष्ट विचारतो. तुमचा स्वतःचा एम्प्लॉयमेंट व्हिसा होता ना? आखातात पुष्कळ बायका फॅमिली व्हिसावर राहून काम करतात, किंवा काम बिलिंगचं आणि करारावर हुद्दा क्लार्कचा असतो. अनुभव पत्रात 'बिलिंग इंजिनिअर' आणि लेबर कॉन्ट्रॅक्टवर 'क्लार्क' असं दिसलं की पडताळणी करणारा साहजिकच थांबतो. तसं असेल तर ज्या पदाला अनुभव ही अटच आहे, तिथे तो अनुभव दाखवण्याआधी दहादा विचार करा. ज्या पदाला अनुभव लागतच नाही, तिथे या भानगडीत पडायचं कारण नाही. फक्त नोकरी होती की नव्हती हे विचारलं असेल तिथे खरं तेच लिहा.

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे पूर्वचारित्र्य तपासणीचा फॉर्म, भरावा लागतो. केंद्राच्या नमुन्यात 21 व्या वर्षानंतर परदेशात एक वर्षाहून जास्त जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते मागतात. मस्कतमधली घरं बदलली असतील तर पत्ते आणि तारखा आत्ताच वहीत उतरवून ठेवा. रॉयल ओमान पोलिसांचं वर्तणुकीचं प्रमाणपत्रही व्हिसा रद्द होण्याआधी घेतलेलं सोपं पडतं. लागेलच असं नाही, पण लागलं तर नंतर जीव मेटाकुटीला येतो.

आणखी दोन अटी, ज्या परतणाऱ्या कुटुंबांना ऐनवेळी कळतात. पहिली लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाची. 2005 च्या नियमांनुसार 28 मार्च 2006 नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल, तर राज्य सरकारच्या नोकरीला माणूस अपात्र ठरतो. मूल मस्कतच्या दवाखान्यात जन्मलं म्हणून ते मोजणीतून सुटत नाही. तुम्ही 'मुलं' लिहिलंय, किती ते लिहिलेलं नाही. ते तुमचं तुम्ही बघा. दुसरी नागरिकत्वाची. तुमचा भारतीय पासपोर्ट आहे म्हणून तुम्हाला लागू नाही, पण अमेरिका-कॅनडाहून परतणाऱ्यांपैकी ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय आणि ज्यांच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे, त्यांना नागरिकत्व कायद्याच्या कलम 7 ब नुसार सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क नाही. केंद्राने खास आदेशाने दिलेला अपवाद सोडला तर तो रस्ता बंद आहे.

सासर खारघरच्या आसपासच्या मूळ गावातलं असेल आणि सिडकोने त्यांची जमीन घेतली असेल, तर प्रकल्पग्रस्तांचं 5 टक्के समांतर आरक्षण एकदा तपासा. ते प्रमाणपत्र कुटुंबातल्या एकाच व्यक्तीच्या नावे वापरता येतं. दिराने आधीच वापरलं असेल तर संपलं. नसेल तर ते कुणाच्या नावावर करायचं, हा घरातला प्रश्न आहे. त्यात मी पडत नाही.

ज्यांची आधीच सरकारी नोकरी आहे आणि जोडीदाराबरोबर बाहेर जायचंय, त्यांच्यासाठी जाता जाता: असाधारण (बिनपगारी) रजा मिळू शकते, पण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे कोणतीही रजा सलग पाच वर्षांच्या वर मिळत नाही, आणि रजेवर असताना परवानगीशिवाय तिकडे दुसरी नोकरी धरणं हा गैरवर्तनाचा विषय होतो. 'रजा वाढवून मिळेल' म्हणून बसून राहिलेल्यांचं पुढे काय होतं, हे विभागीय चौकशीच्या फायलींत वाचायला मिळतं.

शेवटी तुम्ही विचारलेलं: मस्कतमधून अर्ज भरता येईल का? येईल, भरती ऑनलाइनच असते. पण ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू ठेवा; पुष्कळ जण इथेच अडकतात. परीक्षेला मात्र प्रत्यक्ष केंद्रावर यावं लागतं, आणि हॉलतिकीट अगदी थोडे दिवस आधी निघतं, त्यामुळे परतीचं तिकीट परीक्षेच्या भरवशावर काढू नका. माझा सल्ला विचाराल तर नॉन-क्रीमी लेअर आणि विवाह नोंदणी हे दोन कागद हातात आले की मगच जाहिराती बघायला लागा. वडिलांचा हुद्दा आणि तुमच्या व्हिसाचा प्रकार कळवलात तर पुढचं नेमकं सांगता येईल.